ताण पडला की जिवाणू स्वतःच्याच विषाने वाढ थांबवतो

माळरान | १९ जानेवारी, रात्री ९:४०

संक्रांतीला दोन दिवस सांगोल्याला गावी होते. आंबे बहार (हिवाळा सरताना येणारा फुलोरा) धरायचाय, त्यामुळे बाबांनी डाळिंबाचं पाणी महिनाभरापूर्वीच तोडलंय. बाग बघवत नाही. पानं पिवळी पडून गळलेली, काड्या उघड्या. आईचं रोजचं म्हणणं, "आता सोडा की पाणी." बाबांचं उत्तर ठरलेलं, "अजून ताण बसला नाही."

मी सोलापुरात कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. दरवर्षी एक विषय मुलांच्या गळी उतरवताना मला फार सायास पडतात. त्या बांधावर उभी असताना वाटलं, हे सगळं आपल्या ताण देण्याच्या भाषेतच सांगायला हवं होतं. म्हणून हा धागा.

पाणी तोडलं म्हणून झाड मरत नाही. ते वाढ थांबवतं आणि पाण्याची वाट बघत उभं राहतं. जिवाणूवरही ताण येतो. खाणं संपतं, उष्णता वाढते, डीएनएला इजा होते, एखादं औषध अंगावर पडतं. अशा वेळी वाढ चालू ठेवणं म्हणजे दुष्काळात लग्न काढण्यासारखं, आहे ते सगळं संपतं. म्हणून अनेक जिवाणू वाढ थांबवतात. त्यांच्याकडे थांबण्याची जी साधनं आहेत, त्यांतलं एक मला सगळ्यांत विलक्षण वाटतं. ते साधन म्हणजे विष, आणि हे विष जिवाणू स्वतःसाठीच तयार करतो.

जिवाणूचं विष म्हटलं की आपल्याला घटसर्प आणि धनुर्वात आठवतात. ती विषं पेशीतून बाहेर पडून आपल्या शरीरावर काम करतात. मी म्हणतेय ते विष पेशीच्या बाहेर पडतच नाही. त्याचं लक्ष्य त्याच पेशीत असतं, आणि त्याच्या शेजारी त्याचा उताराही असतो. बहुतेक वेळा विषाचं जनुक आणि उताऱ्याचं जनुक डीएनएवर एकमेकांना खेटून असतात.

गंमत दोघांच्या टिकण्यात आहे. विष टिकाऊ असतं आणि उतारा नाशवंत. विष लोणच्यासारखं बरणीत राहतं, उतारा दुधासारखा रोज ताजा लागतो. पेशीत लॉन नावाचं एक एन्झाइम आहे, ते उताऱ्याचे सतत तुकडे करत असतं. नवा उतारा तयार होत राहतो तोवर तो विषाला घट्ट धरून बसतो आणि काही बिघडत नाही. उताऱ्याचा पुरवठा तुटला की विष मोकळं होतं. (नंतर घातलेली ओळ: हे फार सोपं करून लिहिलंय. मायकेल लॉब यांच्या गटाचं काम खाली २१ जानेवारीच्या उत्तरात सांगितलंय.)

हे पहिल्यांदा लक्षात आलं ते वेगळ्याच ठिकाणी. १९८३ साली ओगुरा आणि हिरागा या जपानी संशोधकांनी ई. कोलाय जिवाणूतल्या एफ प्लास्मिडवर काम प्रसिद्ध केलं. प्लास्मिड म्हणजे मुख्य डीएनएपासून वेगळं असलेलं डीएनएचं छोटं कडं. पेशी विभागली आणि एका लेकीच्या वाट्याला प्लास्मिड आलंच नाही, तर त्या लेकीची वाढ खुंटते, असं त्यांना दिसलं. कारण आईकडून आलेलं विष तिच्यात असतं, पण उतारा विरघळत जातो आणि नवा करायला जनुकच नसतं. या विषाचं नाव सीसीडीबी. ते डीएनए गायरेज या एन्झाइमला पकडतं. सिप्रोफ्लॉक्सासिन ही गोळी आपण घेतो ना, तिचं लक्ष्यही हेच एन्झाइम. माणसाला हे औषध सापडण्याच्या कितीतरी आधीपासून जिवाणूंच्या घरात हा वार माहीत होता!

पुढे अशाच जोड्या जिवाणूंच्या मुख्य गुणसूत्रावरही सापडल्या. तिथे त्यांचं काम काय, या प्रश्नात खरी मजा आहे. ई. कोलायमधली तीन विषं सांगते, कारण तिघांची थांबवण्याची तऱ्हा वेगळी.

मॅझएफ हे विष संदेशवाहक आरएनए कापतं. जिथे 'ए-सी-ए' अशी अक्षरं सलग येतात तिथे घाव. प्रथिनं बनवायच्या सूचनाच फाटल्या की प्रथिनं बनणार कुठून?

रेलई हे विषही संदेशवाहक आरएनएच कापतं, पण सुटा सापडला तर नाही. तो रायबोझोममध्ये, म्हणजे प्रथिनं विणणाऱ्या यंत्रात, बसून वाचला जात असतानाच ते आत शिरतं आणि कापतं. चालत्या मागावरचा धागा तोडावा तसं. यंत्रमागाच्या गावात राहणाऱ्यांना यापेक्षा जास्त सांगायला नको.

हिपए मला सगळ्यांत हुशार वाटतं. ते काही कापत नाही. ग्लुटामेट हे अमिनो आम्ल (प्रथिनाची एक वीट) वाहक आरएनएवर, म्हणजे ती वीट रायबोझोमकडे नेणाऱ्या हमालावर, चढवणारं जे एन्झाइम आहे, त्याला ते फॉस्फेट चिकटवून निकामी करतं. मग रिकामे वाहक आरएनए रायबोझोमपाशी येऊ लागतात. रायबोझोमजवळच्या रेलए (वरचं रेलई नव्हे) या प्रथिनाला वाटतं की पेशीत अमिनो आम्लांचा दुष्काळ पडलाय. ते पीपीजीपीपी नावाचा एक छोटा रेणू बनवून सगळ्या पेशीत धोक्याची दवंडी पिटतं, आणि पेशी नवे रायबोझोम बनवणं आटोपतं घेते. म्हणजे ग्लुटामेट पेशीत असतं, तरी पेशी भरल्या ताटावर उपाशी! (या रेणूचा शोध १९६९ चा. कागदावर अनपेक्षित ठिपके उमटले, म्हणून शोधणाऱ्यांनी त्यांना जादूचे ठिपके म्हटलं होतं.)

आता सगळ्यांत महत्त्वाचं. ही पेशी मेली की थांबली? २००२ साली केन गेर्डेस यांच्या प्रयोगशाळेत ई. कोलायमध्ये आधी फक्त विष चालू केलं. वाढ ठप्प. पेशी पोषक जेलीवर पसरल्या तरी त्यांच्या वसाहती उगवेनात, म्हणजे कोणीही त्यांना मृत म्हटलं असतं. काही तासांनी त्याच पेशींत उतारा चालू केला, आणि त्या पुन्हा वाढू लागल्या. विष फार काळ चालू राहिलं तर परतीची वाट बंद होते असं दुसऱ्या गटांचं म्हणणं होतं, आणि त्यावर बरीच भांडणं झाली. पण थांबणं आणि मरणं यांच्यामध्ये एक मोठा प्रदेश आहे, एवढं त्या प्रयोगाने दाखवलं.

विचारा काय विचारायचं ते. जमेल तसं उत्तर देते.

हस्तबहार | १९ जानेवारी, रात्री १०:२५

ताई, लई चांगलं लिहिलंय. मी पण तुमच्याच बाजूचा. तेल्या रोगानं (डाळिंबावर तेलकट डाग पडतात तो) माझी दोन एकर बाग गेली, काढून टाकावी लागली. तेव्हा आम्ही स्ट्रेप्टोसायक्लीन मारायचो, संगं कॉपर. फवारलं की चार दिवस डाग वाळल्यासारखे दिसायचे. एक पाऊस झाला, ढगाळ हवा आली, की परत तेच. फळ उलायचं. विकणारा म्हणायचा डोस वाढवा. डोस वाढवला, खर्च वाढला, तेल्या तिथंच. ह्या विषाचा आणि त्याचा काही संबंध आहे का? का की तुम्ही म्हणता तसं तो मरतच नसंल, नुसता थांबत असंल.

माळरान | १९ जानेवारी, रात्री ११:१०

दादा, दोन एकर बाग काढणं म्हणजे काय असतं ते आमच्या घरानेही पाहिलंय. तुमचा प्रश्न मोठा आहे, नीट सांगते.

तेल्या हा झँथोमोनास या जिवाणूमुळे होतो. औषध मारूनही जिवाणू उरतो त्याला दोन वेगवेगळी कारणं असतात, आणि बरेच लोक ती एकच समजतात.

पहिलं कारण प्रतिरोध. जिवाणूच्या जनुकात बदल होतो आणि औषध त्याला लागूच पडत नाही. त्याची पिल्लंही तशीच निघतात. एकच प्रतिजैविक वर्षानुवर्षं फवारत राहिलं की आपणच अशा जिवाणूंची निवड करत जातो.

दुसरं कारण चिवटपणा. यात जनुक बदलत नाही. कोट्यवधी पेशींत मोजक्या पेशी थांबलेल्या असतात, आणि थांबलेल्या पेशीला मारणं अवघड असतं. हे फार पूर्वी दिसलं होतं. १९४२ मध्ये ग्लॅडिस हॉबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवलं की पेनिसिलीन सुमारे ९९ टक्के जिवाणू मारतं, एक टक्का उरतात. १९४४ मध्ये डब्लिनच्या जोसेफ बिगर यांनी उरलेल्या स्टॅफिलोकॉकसना पुन्हा वाढवलं, आणि त्यांची संतती पेनिसिलीनने पहिल्यासारखीच मरते असं दाखवलं. म्हणजे वाचलेले जिवाणू वेगळ्या जातीचे नव्हते, वेगळ्या अवस्थेत होते. पेनिसिलीन भिंत बांधणाऱ्या पेशीला मारतं. जी बांधतच नाही तिचं काय बिघडवणार?

तुमच्या स्ट्रेप्टोसायक्लीनमध्ये मुख्यतः स्ट्रेप्टोमायसीन असतं. ते पेशीत शिरायला पेशीची स्वतःची ऊर्जा लागते. ऊर्जा कमी करून बसलेली पेशी ते फारसं आत ओढूनच घेत नाही. मग डोस दुप्पट केला तरी दाराबाहेर दुप्पट, आत तितकंच.

ब्राझीलमध्ये लिंबूवर्गीय झाडांच्या खैऱ्या रोगावर काम झालंय. तोही झँथोमोनासच, तेल्याचा अगदी जवळचा भाऊ. तांबं आणि इतर ताणाखाली त्यात चिवट पेशी तयार होतात असं दिसलं. तिथल्याच संत्र्यांच्या झायलेला या दुसऱ्या रोगकारक जिवाणूत एमक्यूएसआर नावाचं विष आहे. तांब्याच्या ताणात चिवट पेशी तयार होण्याशी त्याचा संबंध आढळला.

म्हणून डोस वाढवू नका. तेल्या काडीवरच्या जखमांत, पडलेल्या पानांत, कुजक्या फळांत बसून राहतो. ते सगळं वेचून बागेबाहेर नेऊन जाळणं, छाटणीची कात्री झाडागणिक निर्जंतुक करणं, पावसाळ्यातला मृग बहार टाळून कोरड्या हवेचा बहार धरणं, याने थांबलेला आणि वाढता, दोन्ही कमी होतात. तुमचं नाव हस्तबहार आहे म्हणजे तुम्ही ते आधीच केलेलं दिसतंय. नवी बाग लावायच्या आधी केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रात एक चक्कर मारा.

जुना_वाचक | २० जानेवारी, सकाळी ७:०५

लेख उत्तम. एक भाषेची सूचना. 'विष' या शब्दाने मनात मरण येतं. तुम्ही जे वर्णन करता ती वेसण आहे. बैल उधळू नये म्हणून नाकात घातलेली, हवी तेव्हा ओढायची, हवी तेव्हा ढिली करायची. वेसण बैलाला मारत नाही.

माळरान | २० जानेवारी, सकाळी ७:५०

काका, वेसण हा शब्द मी वर्गात वापरणार, परवानगी गृहीत धरते. पण 'विष' पूर्ण सोडवत नाही, कारण काही वेळा ही पेशी खरंच मरते. जिवाणूंनाही त्यांचे विषाणू होतात, त्यांना फाज म्हणतात. टी४ हा फाज ई. कोलायमध्ये शिरला की यजमानाच्या जनुकांचं वाचन बंद पाडतो. पेशीत टॉक्सआयएन ही जोडी असेल, तर तिचा उतारा आरएनएचा बनलेला असतो. वाचन बंद, म्हणून नवा उतारा बंद, म्हणून विष मोकळं. ते आरएनए कापत सुटतं आणि फाजची पिल्लं तयार होत नाहीत. ती पेशी बहुधा जाते, शेजारच्या वाचतात. तिथे वेसण हा शब्द पुरत नाही.

कुंभारीकर | २० जानेवारी, दुपारी १:३०

माझ्या आत्याबद्दल विचारायचंय. आत्या तीस वर्षं विड्या वळतेय. चार वर्षांपूर्वी तिला टीबी झाला. औषधं सुरू झाली, लघवी नारिंगी व्हायची म्हणून आधी घाबरली, मग सवय झाली. दोन महिन्यांत खोकला गेला, वजन वाढलं, थुंकीच्या तपासणीत जंतू दिसेनात. तेव्हा एका खासगी दवाखान्यात कुणीतरी तिला सांगितलं की आता गोळ्या नाही घेतल्या तरी चालतं. तिने बंद केल्या. पाच-सहा महिन्यांनी पुन्हा ताप आणि खोकला. पुन्हा पहिल्यापासून सगळं. या वेळी मी रोज समोर बसून गोळ्या दिल्या, पूर्ण केल्या, आता ती ठणठणीत आहे.

काल हा धागा तिला वाचून दाखवला. थोडं मराठी, थोडं तेलुगू करून. तिचा प्रश्न असा: थुंकीत जंतू नव्हते, मग ते होते कुठं?

नाडी | २० जानेवारी, रात्री ८:१५

मी फिजिशियन आहे, याला मी उत्तर देतो.

आत्यांना सांगा, थुंकीत दिसत नाहीत याचा अर्थ नाहीत असा होत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एका मिलिलीटर थुंकीत साधारण १०,००० तरी लागतात. त्याखाली काच स्वच्छ दिसते.

उपचारात पहिले दोन महिने चार औषधं असतात आणि पुढचे चार महिने तीन. आयसोनियाझिड भिंत बांधणाऱ्या, भराभर वाढणाऱ्या जंतूंना पहिल्या काही दिवसांतच मारतं. खोकला-ताप कमी होतो तो त्यामुळे. मंद झालेल्या, मधूनच जागे होणाऱ्या जंतूंचं काम रिफाम्पिसिन करतं. पायराझिनामाइड आम्लधर्मी जागेत दडून बसलेल्यांना गाठतं, आणि ते आल्यामुळेच नऊ महिन्यांचा उपचार सहा महिन्यांवर आला. म्हणजे शेवटचे चार महिने आपण बरं वाटण्यासाठी औषध घेत नसतो. बरं वाटत असताना उरलेल्यांसाठी घेत असतो.

मुळात टीबीचा जंतू संथच. ई. कोलाय २० मिनिटांत दुप्पट होतो, याला जवळपास एक दिवस लागतो. माळरान, एक विनंती. टीबीच्या जंतूंच्या थांबण्यामागे फक्त विष आणि उतारा आहे असा वाचकांचा समज होऊ देऊ नका. फुप्फुसातल्या गाठीत ऑक्सिजन कमी असतो, तेवढ्यानेही त्यांची वाढ थांबते, आणि त्याची वेगळी जनुकं आहेत.

माळरान | २० जानेवारी, रात्री ९:००

डॉक्टर, मान्य. म्हणून टीबीबद्दल पक्कं आहे तेवढंच सांगते. टीबीच्या जंतूच्या जनुकसंचात विष-उताऱ्याच्या ८० हून जास्त जोड्या आहेत, त्यांतल्या सुमारे ५० एकाच घराण्याच्या, व्हॅपबीसी नावाच्या. त्याच्याच कुळातला मातीतला निरुपद्रवी स्मेग्मॅटिस जिवाणू घ्या, त्यात मोजक्याच. कुष्ठरोगाच्या जंतूत तर या जोड्यांचे फक्त मोडके अवशेष उरलेत. भावंडांमध्ये एवढा फरक का, हा प्रश्न मला झोपू देत नाही. ऑक्सिजन कमी झाला, औषध पडलं, की टीबीच्या जंतूत यांतली बरीच जनुकं जोरात वाचली जातात, हे दिसलंय. पण जनुक वाचलं जाणं आणि विष प्रत्यक्ष मोकळं होणं यात अंतर आहे.

याच जोड्यांत एक एमबीसीटी नावाचं विष आहे. ते पेशीतलं एनएडी हे ऊर्जेच्या व्यवहारातलं चलनच फोडून टाकतं. २०१९ मध्ये दाखवलं गेलं की उतारा काढून घेतला तर या विषाने टीबीचा जंतू नुसता थांबत नाही, मरतो. विषापासून उतारा सोडवणारं औषध मिळालं तर जंतू स्वतःच्याच हाताने जाईल, अशी आशा त्यामागे आहे.

कुंभारीकर, तुम्ही रोज समोर बसून गोळ्या दिल्यात. यापेक्षा मोठं काम मी इथे लिहून करू शकत नाही.

शंकेखोर | २१ जानेवारी, रात्री १०:०५

विषय तुम्ही प्रेमाने मांडताय हे दिसतंय, म्हणूनच स्पष्ट लिहितो. विष-उताऱ्यामुळे चिवट पेशी बनतात हे ज्या शोधनिबंधांवर उभं होतं, ते मागे घेतले गेलेत. ई. कोलायमधल्या दहा जोड्या एकामागून एक काढल्या आणि चिवट पेशी घटत गेल्या, असं २०११ चं काम होतं. तेही तुम्ही ज्यांचं नाव घेतलंत त्या गेर्डेस यांच्याच प्रयोगशाळेचं. २०१८ मध्ये ते मागे घेतलं. मग हा सगळा डोलारा कशावर?

माळरान | २१ जानेवारी, रात्री ११:४५

हे तुम्ही काढलंत त्याबद्दल मनापासून आभार. पहिल्याच लेखात मी हे लिहायला हवं होतं.

घडलं ते असं. दहा जोड्या काढायच्या तर जिवाणूवर एकामागून एक दहा बदल करावे लागतात, आणि त्यासाठी तो अनेकदा प्रयोगशाळेत हाताळला जातो. या दरम्यान फाय८० नावाचा फाज त्या जिवाणूंत गुपचूप शिरून त्यांच्या डीएनएत मुक्कामाला राहिला. असा मुक्कामी फाज प्रतिजैविकाच्या ताणात जागा होतो आणि पेशी फोडतो. म्हणजे औषध दिल्यावर वाचणाऱ्या पेशी घटल्या त्या जोड्या काढल्यामुळे नव्हे, फाजमुळे. हे २०१७ मध्ये उघड केलं ते गेर्डेस यांच्याच गटातल्या लोकांनी, अलेक्झांडर हार्म्स यांच्या पुढाकाराने. फाज नसलेले जिवाणू नव्याने बनवून मोजलं, तर दहा जोड्या काढूनही चिवट पेशी तेवढ्याच होत्या. दुसऱ्या गटालाही तेच दिसलं. मग २०११ आणि २०१३ चे निबंध मागे घेतले गेले.

मी त्या काळात २०१३ चं चित्र वर्गात फळ्यावर काढायचे. पीपीजीपीपी, तिथून लॉन, तिथून उताऱ्याचा नाश, तिथून दहा विषं मोकळी. फार देखणी साखळी होती. ज्या मुलांना ती शिकवली त्यांतले काही आता स्वतः शिकवतात. मी त्यांना शोधून शोधून निरोप पाठवले होते. स्वतःच्या कामातली चूक जगासमोर मांडणाऱ्या त्या माणसांबद्दल मला आदर वाटतो, आणि वर्गात मी ही गोष्ट आता मूळ विषयाइतकाच वेळ देऊन सांगते.

आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूने. २०२० मध्ये मायकेल लॉब यांच्या गटाने दाखवलं की ताणात या जोड्यांची जनुकं खूप वाचली जातात, उतारा तुटतोही, पण विष मोकळं होतच असं नाही. जो उतारा विषाला धरून बसलाय तो सहसा सुटत नाही. मी पहिल्या लेखात जे 'पुरवठा तुटला की विष मोकळं होतं' असं सरसकट लिहिलं, ते त्यामुळे फार सोपं करून लिहिलेलं आहे.

पण सगळा डोलारा कोसळलेला नाही. तीन गोष्टी अजून उभ्या आहेत असं माझं मत.

मॅझएफ आरएनए कापतं, हिपए ते एन्झाइम निकामी करतं, ही विषं वाढ थांबवतात, हे कोणीही मागे घेतलेलं नाही.

हिपए७ या बदललेल्या रूपाचा पुरावाही वेगळा आहे. मोयेड आणि बरट्रांड यांनी तो १९८३ मध्येच प्रसिद्ध केला, योगायोगाने ओगुरा-हिरागांच्याच वर्षी. त्यांच्या जिवाणूंत पेनिसिलीन वर्गाच्या औषधातून वाचणारे हजारपटींनी जास्त होते. २००४ मध्ये नताली बालबान आणि सहकाऱ्यांनी असे जिवाणू बारीक खाचांमध्ये एकेक करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. औषध टाकून झाल्यावर जे वाचले, त्यांची चित्रफीत मागे नेऊन बघितली तर ते औषध यायच्या आधीपासूनच मंद होते. औषध बघून थांबले असं नव्हे, काहीजण आधीच थांबलेले होते. सगळं बियाणं एकदम उगवलं आणि पाऊस दगा देऊन गेला तर काय होतं ते आपल्याला माहीत आहे. हेच हिपए७ पुढे मूत्रमार्गाच्या संसर्गाच्या रुग्णांतल्या जिवाणूंतही सापडलं.

तिसरं टिसबी. अवघ्या २९ अमिनो आम्लांचं हे विष पेशीच्या पटलात शिरून तिची ऊर्जा गळवतं. सिप्रोमुळे डीएनएला इजा झाली की जो बचावाचा गजर होतो, त्यानेच ते चालू होतं. २०१० मध्ये किम लुईस यांच्या गटाने दाखवलं की टिसबी काढलं तर सिप्रोतून वाचणाऱ्या पेशी घटतात. म्हणजे मारायला दिलेल्या औषधानेच काही पेशींना थांबायची खूण दिली.

शंकेखोर | २२ जानेवारी, सकाळी ८:३०

एवढं सविस्तर उत्तर अपेक्षित नव्हतं. टिसबीचं माहीत नव्हतं, वाचतो. पहिल्या लेखात लॉबच्या कामाची ओळ घातलीत तर बरं होईल.

माळरान | २२ जानेवारी, सकाळी ९:१०

घातली आहे.

पेट्रीडिश | २२ जानेवारी, संध्याकाळी ६:२०

मॅडम, मी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सीसीडीबी मी हातात धरलंय, म्हणून लिहावंसं वाटलं. आम्ही एका प्लास्मिडमध्ये आपल्याला हवं ते जनुक घालतो तेव्हा त्या जागी आधी सीसीडीबी बसवलेलं असतं. आपलं जनुक नीट बसलं तर सीसीडीबी बाहेर पडतं आणि पेशी जगते. नाही बसलं तर पेशीचं गायरेज अडकतं आणि ती वाढत नाही. त्यामुळे प्लेटवर उगवतं ते बहुतेक बरोबरच असतं. पहिल्यांदा माझ्या प्लेटवर फक्त सात ठिपके आले होते. मी रडकुंडीला आले, वाटलं प्रयोग फसला. सर म्हणाले मोजू नकोस, तपास. सातही बरोबर निघाले.

मॅझएफचाही असा उपयोग करतात असं वाचलं. ते खरं आहे का?

माळरान | २२ जानेवारी, रात्री ९:३०

सात ठिपक्यांची गोष्ट फार आवडली. जपून ठेव ती.

हो, खरं आहे. मासायोरी इनोये यांच्या गटाने २००५ मध्ये केलं. आपल्याला हव्या त्या प्रथिनाच्या जनुकातून 'ए-सी-ए' हे सगळे तुकडे अर्थ न बदलता काढून टाकायचे, आणि मग पेशीत मॅझएफ चालू करायचं. पेशीचे स्वतःचे जवळजवळ सगळे संदेश कापले जातात, आपला एकटा उरतो. पेशी वाढत नाही, पण कित्येक दिवस तेवढं एकच प्रथिन बनवत राहते. थांबलेली पेशी मेलेली नसते याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही. यंत्रणा सगळी शाबूत आहे, फक्त काम नेमून दिलेलं.

सीसीडीबीवर आपल्याकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवन वरदराजन यांच्या गटाने खूप काम केलंय. त्यातलं एकेक अमिनो आम्ल बदलून प्रथिनाचं काय होतं ते तपासलं. विष काम करत असेल तर पेशी मरते, बिघडलं तर जगते. म्हणजे मोजणीचं काम पेशीच करून देते. प्रकल्पासाठी विषय शोधत असशील तर तिथून वाचायला लाग.

कुंभारीकर | २३ जानेवारी, रात्री ८:५०

आत्या रोज विचारते पुढं काय लिहिलंय. आज विड्यांचा माल देऊन आली आणि पहिला प्रश्न हाच. तिचा आता दुसरा प्रश्न आहे: थांबलेले समजलं, पण ते उठतात कसे? कोण उठवतं?

माळरान | २३ जानेवारी, रात्री १०:२०

आत्यांनी बरोबर तिथेच बोट ठेवलं. थांबण्यावर ढिगाने काम झालंय, उठण्यावर त्या मानाने कमी.

एक उदाहरण पक्कं आहे, ते सांगते. साल्मोनेला हा जिवाणू आपल्या संरक्षक पेशींच्या पोटात जाऊन बसतो. मुदतीच्या तापाचा जंतू याच घराण्यातला. सोफी हेलेन यांच्या गटाने २०१६ मध्ये त्यातलं टॅकटी नावाचं विष उलगडलं. वाहक आरएनए अमिनो आम्ल पाठीवर घेऊन रायबोझोमकडे निघालेला असतो, टॅकटी वाटेतच त्या अमिनो आम्लाला एक छोटा रासायनिक गट चिकटवतं. आता तो माल रायबोझोमला चालत नाही, आणि वाहक तो माल उतरवूही शकत नाही. सगळे वाहक असे अडकले की कारखाना बंद.

पण पेशीत पीटीएच नावाचं एक एन्झाइम मुळातच असतं. अर्धवट साखळ्या घेऊन अडकलेले वाहक मोकळे करणं हे त्याचं रोजचं काम. तेच या खराब झालेल्या वाहकांच्या पाठीवरचा माल कापून टाकतं, आणि वाहक पुन्हा चांगला माल भरायला मोकळा होतो. प्रयोगात पेशीला जास्त पीटीएच दिलं तर ती लवकर उठली. म्हणजे बाहेरून कोणी हाक मारावी लागत नाही. आत साफसफाई करणारा असतोच, तो हळूहळू एकेक वाहक सोडवत राहतो, आणि पुरेसे सुटले की पेशी वाढायला लागते. कोणाचे लवकर सुटतात, कोणाचे उशिरा, म्हणून सगळ्या एकदम उठत नाहीत.

आत्यांना हे विड्यांच्या भाषेत सांगायचं तर, सुपात पानं आहेत, तंबाखू आहे, पण दोरा सगळा गुंतलाय. एक बाई बसून गुंता सोडवतेय. ती किती सोडवते त्यावर सूप कधी चालू होणार ते ठरतं.

कुंभारीकर | २३ जानेवारी, रात्री १०:४५

वाचून दाखवलं. आत्या म्हणाली, "मग त्या बाईलाच थांबवायचं औषध काढा की." हे बरोबर आहे का ताई?

माळरान | २३ जानेवारी, रात्री ११:००

बरोबरही आहे आणि उलटही करता येतं. तिला थांबवलं तर जंतू झोपूनच राहील, पण शरीरात राहील. तिला घाई करायला लावली तर सगळे जंतू एकदम जागे होतील, आणि जागा झालेला जंतू साध्या औषधाने मरतो. संशोधक या दोन्ही वाटांचा विचार करतायत. उद्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात आत्यांचा हा प्रश्न जसाच्या तसा फळ्यावर लिहिणार आहे, मुलं कोणती वाट निवडतात ते इथे कळवते.